काहून विचारणारा हात

माझा आवाज गेला तेव्हा वर्गातला कूलर चालू होता, त्यामुळे आवाज गेल्याचं मुलांना लगेच कळलंच नाही. मी वर्गसमीकरण सोडवून दाखवत होते. ओठ हलत होते, खडू चालत होता. पुढच्या बाकावरची एक मुलगी कानामागे हात धरून म्हणाली, "मॅडम, थोडं जोरात." मी जोर लावला. घशातून फक्त हवा निघाली.

एप्रिल होता. नववीची परीक्षा आटोपली की आमच्या शाळेत दहावीचे जादा तास सुरू होतात. भंडारा रोडवर, पारडीच्या पुढची ही मराठी शाळा. खोल्या कमी, म्हणून एका लांब हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन टाकून दोन वर्ग केलेले आहेत. अलीकडे माझं गणित, पलीकडे एका सरांचा इतिहास. खिडकीत माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेला लोखंडी कूलर. तो सुरू झाला की खळ्यावर थ्रेशर लागल्यासारखं वाटायचं. सर कूलरच्या वर आवाज चढवायचे, मी सरांच्या वर चढवायचे, आणि मधल्यामध्ये पोरांची करमणूक व्हायची. "मॅडम, आपल्या त्रिकोणात तिकडच्या तोफा घुसून राहिल्या," असं एकानं मला भर वर्गात सांगितलं होतं.

कूलर थोडा वेळ बंद करावा, असं आम्हा दोघांपैकी कोणालाही कधी सुचलं नाही. नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना याचं नवल वाटायचं नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी मीठ मागायचं तरी ओरडून मागतात, आणि कूलर माळ्यावर चढला तरी पुढचे काही दिवस तसेच ओरडत राहतात.

मला माझ्या आवाजाचा अभिमान होता. तो मला आईकडून मिळाला. मौद्याकडच्या आमच्या गावात आई धानाच्या रोवणीला जायची. चिखलात वाकलेल्या बायकांची लांब ओळ, आणि रोपांच्या पेंड्या संपल्या की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या असलेल्या माणसाला हाक मारायची ती आईनंच. बाकीच्या बायका म्हणायच्या, हिची हाक ऐकून शेजारच्या गावचा माणूस पेंड्या घेऊन येईल. वडील मी लहान असतानाच गेले. आईनं त्याच चिखलातून मला मौद्याच्या शाळेत पाठवलं, मग एसटीचा पास काढून नागपूरच्या कॉलेजात. बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. या शाळेत मुलाखतीला आले तेव्हा निवड समितीतले एक सदस्य म्हणाले, "मागच्या बाकापर्यंत आवाज पोचेल का?" मी तिथल्या तिथे पायथागोरसचं प्रमेय सांगायला सुरुवात केली, तर काय झालं म्हणून बाहेरचे बाबू दार उघडून आत डोकावले. पदवी त्या दिवशी आलेल्या सगळ्यांकडेच होती. नोकरी मला आवाजानं दिली, असं मी मानत आले होते.

म्हणून डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर माझे स्वरतंतू दाखवले आणि त्यांवरच्या गाठींवर पेनाचं टोक ठेवलं, तेव्हा मला घशाची नाही, फळ्याची भीती वाटली.

"काय करता?" त्यांनी विचारलं.

"शिकवते," मी कसंबसं म्हटलं.

"वाटलंच. आमच्याकडे शिक्षक येतात आणि भाजीवाले येतात." त्या माझ्यापेक्षा लहान होत्या, पण बोलणं स्पष्ट होतं. "ऑपरेशन करू. गाठी निघतील. बोलता येईल, पण ओरडता येणार नाही. आणि पुन्हा ओरडलात तर बोलताही येणार नाही. हे आत्ताच नीट ऐकून ठेवा, म्हणजे नंतर माझ्यावर रागावणार नाही."

मे महिन्यात ऑपरेशन झालं. त्यानंतर काही आठवडे पूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजण्यानं घशावर आणखी ताण येतो, हे मला तेव्हा कळलं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "काही हवं असलं तर लिहून दाखवा." एका गोष्टीचा कोणालाच पत्ता नव्हता. पारडीतल्या आमच्या भाड्याच्या घरात मी आणि आई दोघीच, आणि आईला वाचता येत नाही. ती सही करते, बसचा नंबर ओळखते, बस.

पहिल्या दिवशी मी सवयीनं पाटीवर 'पाणी' असं लिहून तिच्यापुढे धरलं. तिनं पाटी पाहिली, मला पाहिलं, आणि हसली.

"तू मुकी अन् मले अक्षर दिसत नाही. जोडी बरी जमली वं आपली."

मग आमच्या खुणा ठरत गेल्या. चहाची, भुकेची, औषधाची. यातली सगळ्यात कामाची खूण आम्हाला ठरवावीच लागली नाही. तळवा वर, बोटं पसरलेली, हात मनगटातून जरासा हलवायचा आणि हनुवटी उचलायची. म्हणजे काहून, का बरं? आमच्याकडे हा हात रांगत्या पोरालाही कळतो. आई दिवसभर बोलायची, मी काही बोलू शकत नव्हते, म्हणून मी नुसता हा हात करायची. त्याचा एक परिणाम झाला. माझ्या हातानंतर आईला आपलंच बोलणं पुढे न्यावं लागायचं.

एकदा ती गच्चीवरून तावातावानं खाली आली. "मी त्या शेजारणीशी आता बोलत नसतो."

मी हात केला.

"काहून म्हंजे? तिनं माह्या कुरडया सरकवल्या."

हात.

"तिले तिचे पापड टाकाचे होते ना उन्हात. मंग माह्या काहून सरकवते?"

हात.

"म्हंजे... कोपऱ्यात सावली येऊन राहिली होती, तिथं तिचे पापड होते. उन्हातली जागा पहिले तिनंच धरली होती तशी. मी सकाळी गेलो तं मीच तिचे पापड जरासे..." आईनं पदरानं तोंड पुसलं. "तू बोलत होती तेच बरं होतं वं. निदान माही बाजू तरी घेत होती."

संध्याकाळी ती एका ताटात कुरडया तळून शेजारणीकडे घेऊन गेली. मी पलंगावर बसून पोट धरून हसले, बिनआवाजाचं. त्या वेळी ही नुसती गंमत वाटली होती.

जूनअखेर शाळा उघडली आणि जुलैत मी रुजू झाले. तोवर बोलण्याची परवानगी मिळाली होती, पण परवानगीच्या मानानं आवाज फारच छोटा होता. समोरच्या खुर्चीपर्यंत जायचा. टेबलापलीकडे बसलेल्या मुख्याध्यापिकांनाही पुढे वाकावं लागलं.

"तुम्ही ऑफिसला या," त्या म्हणाल्या. "बोर्डाचं काम आहे, शिष्यवृत्तीचं काम आहे, मला तिथे समजदार माणूस हवंच आहे. ही शिक्षा समजू नका. सोय आहे."

त्या खरंच माझ्या भल्याचं बोलत होत्या, आणि ऑफिसचं काम काही हलकं नाही. पण आमच्या घरात पहिल्यांदाच कोणी फळ्यासमोर उभं राहिलं होतं. तिथून मी स्वतः होऊन बाजूला व्हायचं, हे मला पटेना.

"दहावी 'ब' माझ्याकडे राहू द्या," मी म्हटलं.

"एवढी पोरं या आवाजात सांभाळाल?"

"सहामाहीपर्यंत बघा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. विचार करायचा असला की त्या असं करतात. "सहामाहीपर्यंत. त्यानंतर मी तुमच्याकडे पाहून ठरवणार नाही. मुलांकडे पाहून ठरवीन. चालेल?"

मी मान हलवली. ही अट मला आजही रास्त वाटते. त्यांच्या जागी मी असते तर मीही दुसरी अट घातली नसती.

पहिल्या आठवड्यात मी कमरेला बांधायचा छोटा स्पीकर आणि तोंडापुढे येणारा माइक घेऊन वर्गात गेले. बाजारात चादरी विकणारे वापरतात तसला. माझ्या शब्दांपेक्षा माझा श्वासच जास्त ऐकू येत होता. "पुढील गाडी फलाट क्रमांक एकवर येत आहे," मागच्या बाकावरून कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं आणि वर्ग फुटला. पार्टिशनपलीकडून सरांच्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाईंनीही कान पिळला: माइक लावला तरी घसा तुमचाच आहे. मग मी बोलणं सोडून सगळं फळ्यावर लिहायला लागले. त्यात पाठ वर्गाकडे. माझ्या पाठीमागे जे चालायचं, त्याला कळमन्याचा बाजार म्हटलं तर कळमन्याचे लोक रागावतील.

अशाच एका तासाला मी समीकरण सोडवताना चूक केली. कंसाबाहेर वजा होता, आणि कंस सोडवताना आतलं चिन्ह बदलायचं माझ्याकडून राहिलं. मी पुढच्या दोन पायऱ्या लिहून टाकल्या.

"मॅडम, ते चुकलं ना."

मी वळले. तीच मुलगी, जी एप्रिलमध्ये 'थोडं जोरात' म्हणाली होती. पूर्वी असं झालं असतं तर मी "अरे हो" म्हणून मोठ्यानं हसले असते, चूक पुसली असती आणि त्याच दमात पुढचं उदाहरण घेतलं असतं. आता तेवढा दम नव्हता. माझा हात आपोआप उठला. तळवा वर, हनुवटी वर.

"काहून म्हणजे... तिथं अधिक येईल. वजा आहे ना बाहेर."

मी हात तसाच ठेवला.

"बाहेर वजा आहे तर आतलं बदलते मॅडम." तिचा आवाज जरा खाली आला. "बदलतेच."

"काहून पण बदलते?" हे मी नाही, तिच्या शेजारणीनं विचारलं होतं, आणि ते खोटं विचारलेलं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं. तिसऱ्या ओळीतला एक मुलगा म्हणाला, "अबे, उधारी कमी झाली तर फायदाच होते ना, तसंच आहे ते." दुसरा म्हणाला, कसली उधारी, तू चूप बस. मी खडू त्या मुलीच्या हातात दिला आणि पुढे बसायला जागा नव्हती म्हणून शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

त्या तासाला आमचं एकच समीकरण झालं. माझ्या जुन्या हिशोबानं तो तास वाया गेला होता. पण शेवटच्या बाकावरून मला जे दिसलं ते फळ्यासमोरून कधी दिसलं नव्हतं. कोण उत्तर येत असून गप्प आहे, कोणाला नववीतलंच येत नाही, कोण दुसऱ्याच्या वहीत पाहून मान हलवतं, सगळं. मी वाईट शिकवत होते असं मी म्हणणार नाही. माझे निकाल चांगले होते आणि मी जीव तोडून शिकवत होते. पण माझा आवाज एवढा मोठा होता की वर्गात दुसऱ्या कोणाच्या आवाजाला जागाच नव्हती, आणि याकडे मी कधी त्या बाजूनं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी ठरवूनच तसा तास घ्यायला लागले. घरी आदल्या दिवशी मोठ्या कागदावर उदाहरण आणि त्याची सुरुवात लिहून आणायची, फळ्यावर लावायची आणि एकाला उभं करायचं. त्यानं पुढची पायरी लिहायची. मी हात करायची. त्याला सांगता आलं तर पुढे, नाही तर वर्गानं मदत करायची. फळ्यावर कोणी चुकत असला तरी पुसायचं नाही, आधी का चुकलं ते शोधायचं. सगळेच अडले तर मी उठून समोर जायची आणि थोडंसं बोलायची. गंमत म्हणजे, मी बोलायला उठले की वर्ग गप्प व्हायचा. मॅडमचा आवाज जपून वापरायची वस्तू आहे, हे मुलांनीच ठरवून टाकलं होतं. कोणी मध्ये बोललं तर बाकीचे त्याला म्हणायचे, "अबे, मॅडमचं संपून जाईल ना."

थोड्याच दिवसांत तो हात वर्गभर झाला. मुलं एकमेकांना तसा हात करायची. डबा खाताना, मैदानात, उशीर झालेल्याला दारात. पलीकडचे इतिहासाचे सर एकदा पार्टिशनवरून डोकावून म्हणाले, "मॅडम, तुमचा वर्ग आता तुमच्यापेक्षा जास्त ओरडतो."

"त्यांचे घसे नवीन आहेत," मी म्हटलं. ते त्यांना ऐकू गेलं नाही. माझ्या वर्गानं कोरसमध्ये त्यांना ऐकवलं.

ऑगस्टमध्ये पालकसभा झाली, आणि मी जमिनीवर आले.

माझी चूक दाखवणाऱ्या त्या मुलीचे वडील कळमन्याच्या मार्केटमध्ये एका आडत्याकडे संत्र्यांची बोली पुकारायचे. संत्र्यांचे ढीग जमिनीवर मांडलेले असतात, भोवती व्यापारी, आणि ढिगाजवळ उभा राहून भाव पुकारणारा हा माणूस. असा आवाज मी आईनंतर प्रथमच ऐकत होते. त्यांना उभं राहायची गरज नव्हती, तरी ते उभे राहिले.

"वाईट वाटून घेऊ नका मॅडम. माही पोरगी घरी येऊन सांगते का आज मीच शिकवलं. परवा म्हणे दुसऱ्या एकीनं शिकवलं. मंग मॅडम काय करून राहिल्या? आता मी मार्केटात बोली पुकारतो. उद्या माहा घसा बसला, तं आडत्या मले ढिगावर उभा ठेवन का? म्हणन, भाऊ, घरी बस, बरा झाला का येजो."

पालक हसले. दोन-चार जणांनी माना डोलावल्या. मला त्यांना उत्तर द्यायचं होतं, पण एवढ्या हॉलमध्ये मी ते देणार कशी? त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. ते जे म्हणत होते तेच मी इतकी वर्षं मानत आले होते. नोकरी आवाजाची. आवाज नाही तर नोकरी नाही.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सहामाहीनंतर पुन्हा बसू. तेव्हा मॅडमचं काय ते ठरेल." आता ही अट सगळ्यांसमोर आली होती.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी फळ्याकडे यायला तयार होईना. मान खाली घालून बसली. मी तिच्या बाकाजवळ गेले.

"बाबा तसे नाहीत मॅडम," ती म्हणाली. "त्यांना वाटते का माझं नुकसान होऊन राहिलं."

"बरोबरच आहे त्यांचं," मी म्हटलं. "वडिलांना असंच वाटायला पाहिजे." आणि खडू तिच्या बाकावर ठेवून शेवटच्या ओळीत जाऊन बसले. दुसरं कोणी उठलं नाही. मग तीच उठली.

ऑक्टोबरमध्ये सहामाही झाली. आमचा वर्ग पहिला वगैरे आला नाही. पण ज्यांच्या पेपरात आधी नुसता प्रश्न उतरवलेला असायचा, त्यांनी यंदा अर्धं पान लिहिलं होतं. उत्तर चुकलेलं असेल तिथेही पायऱ्या होत्या, आणि चूक कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येत होतं. मुख्याध्यापिकांनी पेपर स्वतः चाळले.

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "मला चांगलं वाटलं. पण मी पालकांना शब्द दिला आहे. त्यांनी सभेत पुन्हा हेच म्हटलं, तर मी काय सांगू? मार्क वाचून दाखवू?"

"मुलांना सोबत बोलवा," मी म्हटलं.

दिवाळीनंतरची सभा. संत्र्यांच्या आंबिया बहाराचा हंगाम, मार्केटला उसंत नव्हती, तरी ते गृहस्थ आले. अंगाला संत्र्यांचा वास होता. पालक बाकांवर बसले, मुलं भिंतीला लागून उभी राहिली. मुख्याध्यापिकांनी प्रस्तावना केली आणि म्हणाल्या, कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

ते उभे राहिले. "मार्क पाहिले मी. वाईट नाहीत. पण मार्क तं रट्टा मारूनही येते. माह्या पोरीनं मले काही समजावून सांगावं. मी आठवीत शाळा सोडली, मले समजलं तं मानीन."

मुलगी माझ्याकडे पाहायला लागली. मी फळ्याकडे बोट केलं.

तिनं एक गोल काढला. त्याच्या मधोमध आडवी रेघ ओढली. "हा व्यास आहे बाबा. आता वरच्या गोलावर कुठंही टिंब द्या. तुमच्या मनानं."

ते पुढे गेले, खडू घेतला. मधोमध टिंब देतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी ते पार एका टोकाला, व्यासाच्या जवळ दिलं. "ढिगातलं संत्रं वरचं नाही पाहत आम्ही," ते पालकांकडे वळून म्हणाले, "खालून काढून पाहतो." सगळे हसले.

मुलीनं त्या टिंबापासून व्यासाच्या दोन्ही टोकांना रेघा जोडल्या. "इथं टिंबापाशी जो कोन झाला, तो काटकोन आहे. टिंब कुठंही द्या, तो काटकोनच राहते."

"काहून?" वडील म्हणाले.

भिंतीला लागून उभी असलेली सगळी पोरं एकदम हसली. ते गोंधळले. आपण काय बोललो ते त्यांना कळेना.

"पुस्तकात प्रमेय आहे तसं," मुलगी म्हणाली.

"पुस्तकात आहे म्हणून का वं? काहून पण?"

ती फळ्याकडे वळली. आकृतीकडे पाहत राहिली. वर्गात हे प्रमेय झालं होतं, पण ते दुसऱ्या मुलीनं फळ्यावर केलं होतं. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्या जिभेवर होतं. हॉल इतका शांत होता की माझ्या त्या लहानशा आवाजातही ते सगळ्यांना ऐकू गेलं असतं, आणि क्षणभर मी खुर्चीतून उठलेही. वर्ग माझ्याकडे राहणार की नाही ते याच मिनिटावर ठरणार होतं. मी परत बसले.

"पहा," वडील सभेला म्हणाले, पण हळू म्हणाले. पोरगी अडली याचं त्यांनाही बरं वाटत नव्हतं.

तेवढ्यात मुलीनं व्यासाच्या मध्यावर एक टिंब दिलं. तिथून वरच्या टिंबापर्यंत रेघ ओढली, आणि तिचा चेहरा बदलला.

"बाबा, ही रेघ त्रिज्या आहे. हा अर्धा व्यास, तोही त्रिज्या. हा दुसरा अर्धा, तोही. तिन्ही सारख्या." तिचा हात चालायला लागला. "आता हे दोन त्रिकोण पहा. दोन बाजू सारख्या, म्हणून त्यांच्या समोरचे कोन सारखे. हा याच्याएवढा, हा याच्याएवढा. म्हणजे वरचा पूर्ण कोन खालच्या दोघांच्या बेरजेएवढा झाला. अन् मोठ्या त्रिकोणाचे तिन्ही कोन मिळून किती?"

"मले काय विचारतं?"

"एकशे ऐंशी. त्यातला अर्धा वरच्याचा, अर्धा खालच्या दोघांचा."

ते फळ्याच्या अगदी जवळ गेले. बोटानं एकेका रेघेवरून गेले. ढिगाजवळ उभे राहून ते माल असाच पाहत असतील, असं मला वाटलं.

"अन् टिंब इकडं दिलं असतं तं?"

"तरी या तिन्ही रेघा सारख्याच राहतील ना बाबा."

"राहतीन," ते म्हणाले. "राहतीनच." मग सभेकडे वळून, जणू सौदा पक्का झाल्याचं पुकारताहेत अशा आवाजात म्हणाले, "नव्वद. समजलं मले. याच मॅडम राहू द्या."

पालकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मला कमी आणि मुलीला जास्त होत्या, आणि तेच योग्य होतं. मुख्याध्यापिकांनी चष्मा पुसायला काढला नाही. "टाइमटेबल आहे तेच राहील," त्या म्हणाल्या. "उद्या पहिला तास गणिताचा."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. सावकाश, घसा जपत. तिनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हेही आमच्या घरात नवीनच होतं. शेवटी म्हणाली, "माह्या हाकेनं पेंड्या येत होत्या वं. तू तं न बोलता आणल्या."

मी आज ज्यांची ऋणी आहे त्यांत आई आहे, स्पष्ट बोलणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत, रास्त अट घालणाऱ्या बाई आहेत. आणि सगळ्यांसमोर मला उभं करणारे ते कळमन्याचे गृहस्थही आहेत. त्यांनी विचारलं नसतं, तर माझं मलाच कळलं नसतं की मी आता आवाजावर जगत नाही. माझा आवाज नंतर थोडा वाढला, पण पूर्वीसारखा झाला नाही. होणारही नाही. त्याची आता मी वाट पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मी वर्गात शिरले तेव्हा कोणी उठून 'नमस्ते' म्हटलं नाही. तास आधीच सुरू झाला होता. एक मुलगा फळ्यासमोर उभा होता, कधी स्वतःहून पुढे न येणारा, आणि त्याच्या तिसऱ्या पायरीवरून दोन बाकांत जोरात भांडण चाललं होतं. एकीनं मला पाहिलं आणि 'थांबा' असा हात केला. मी पर्स बाकाखाली सरकवली, शेवटच्या ओळीत जरा सरकून जागा करून घेतली आणि तिसरी पायरी बरोबर आहे का ते पाहायला लागले.